न तपासलेलं ऑइल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तसा मी मजेत आहे. सुट्टीच्या दिवशी लक्ष्मीबाई नगरच्या उन्हात खुर्ची टाकतो, संत्री सोलतो, गाड्यांबद्दल फुकट सल्ले देतो. मला गाड्यांमधलं कळतं असं कॉलनी मानते. मीही मानतो — आणि घोडं तिथंच पेंड खातं.

शेजारच्या प्रकाशरावांची बदली गुवाहाटीला झाली. मुलाची अकरावी-बारावी, म्हणून रंजनावहिनी इथेच राहिल्या आणि गाडी दोन वर्षं कडुनिंबाखाली उभी राहिली. त्या काळात वहिनी क्लासला जाऊन ड्रायव्हिंग शिकल्या, लायसन्सही काढलं. नोएडातल्या नोकरीवर स्वतः गाडी चालवत जायचं, एवढीच हौस. प्रकाशराव परतले आणि इंजिन बघायला अर्थातच मला बोलावलं.

उभ्या गाडीचं आधी काय बघतात? ऑइल. डिपस्टिक ओढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची — अर्ध्या मिनिटाचं काम. पण भोवती सात-आठ जण जमलेले, वहिनी किल्ली घेऊन उभ्या. मी माझ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा जोडल्या, किल्ली फिरवली आणि गाडी चक्क सुरू झाली. टाळ्या पडल्या. मग मी कसला थांबतोय? ऑइलचा लाल दिवा पेटला होता — दिसत होता मला. तरी ऐटीत कॉलनीला चकरा मारत राहिलो. चौथ्या चकरेला खडखडाट झाला आणि इंजिन जाम झालं, ते कायमचंच.

बॉनेट उघडून डिपस्टिक काढली. कोरडी ठणठणीत; दोन वर्षांत ऑइल सगळं गळून गेलेलं. कुणी बघायच्या आत परत खोचली आणि — हेच ते, जे मी लपवलं — वर तोंड करून म्हणालो, "उभी राहून राहून आतून गंजलीये."

प्रकाशरावांनी वहिनींकडे पाहिलं. "दर रविवारी फक्त स्टार्ट करायची होती यार. तेवढंही झालं नाही तुझ्याच्यानं?"

बॅटरी बसल्यावर वहिनींनी स्टार्ट करणं सोडून दिलं होतं, त्यामुळे त्यांना ते पटलं. नंतर नव्या गाडीचा विषय निघाला की त्याच नको म्हणायच्या, माझ्या हातून सांभाळलं जात नाही म्हणायच्या. नऊ वर्षं मेट्रोने नोएडाला गेल्या. मी एक शब्द बोललो असतो तर? लाज वाटते मला, पण बोललो नाही.

परवा त्या निवृत्त झाल्या, पेढे घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तर गाडी सुरू करून दिली होतीत. माझ्याच हलगर्जीपणामुळे गेली."

मी पेढा घेतला आणि म्हणालो, "असू द्या वहिनी, होतं असं."

त्यांनाच माफ केलं मी.