गार हाय, ऱ्हाऊ दे

भिंत दिसली की बाबा तिच्यावर हात ठेवायचे. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसा. क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "गार हाय. ऱ्हाऊ दे."

मानकोलीच्या ज्या गोदामात मी मालाच्या नोंदी ठेवायचो, त्याच्या गेटवर ते वॉचमन होते; आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो. अंगात दोन मापांनी मोठा निळा शर्ट आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मी कधी ऐकली नाही. गोदामाचा पत्रा, चहाचा ग्लास, ट्रकचं बॉनेट, सगळ्यांना तोच उलटा हात. एकदा एका ड्रायव्हरने विचारलं, "चाचा, बुखार देख रहे हो क्या?"

"हां, चढा है. आधा घंटा सोने दे उसको," बाबा म्हणाले, आणि ड्रायव्हरलाच सावलीत बसवून पाणी दिलं.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा म्हातारा असेल. आपण रोज त्याच्यासमोरून जातो आणि त्याला काय येतं हे विचारायचं राहूनच जातं. मीही विचारलं नव्हतं. गरज पडली तेव्हा कळलं.

भिवंडीत आमची खोली पॉवरलूमच्या कारखान्याला चिकटून होती. खिडकी उघडली की कापसाचे तंतू आत, बंद केली की आम्ही आत कोंडलेले. बायकोला दोन वर्षं खोकला. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण आधी ती खोली सोडा." खारबावजवळ वडिलांनी ठेवलेली दीड गुंठा जागा होती. जागा होती, पैसे नव्हते. कंत्राटदाराने जो आकडा सांगितला, त्यात आमचं नुसतं जोतं झालं असतं. मी तोंड पाडून गेटवर उभा होतो. बाबांनी कारण विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मातीचं बांधा की, सायेब."

मी हसलो.

"हासू नका. माझा बा भिंती घालायचा. मीबी घातल्यात. ही गोडाऊनं यायच्या आधीची गोष्ट हाय."

पुढच्या सुट्टीला ते जागेवर आले. शेताच्या कडेची मूठभर माती ओली करून तिचा गोळा केला आणि छातीइतक्या उंचीवरून खाली टाकला. गोळा फुटला. "रेती जास्त हाय." मग खालच्या खाचराची चिकण माती मिसळली, पुन्हा गोळा, पुन्हा टाकला. असं सात-आठ वेळा. शेवटचा गोळा जरासा बसला, पण फुटला नाही. बाबांच्या चेहऱ्यावर पोरीचं लग्न ठरल्याचा आनंद.

त्या दिवसापासून आमचं नातंच उलटं झालं. गेटवर मी साहेब, चिखलात अरे-तुरे. "अरं, टाच मार, टाच! नाचतोस काय?" भाताचा पेंढा बारीक करून घालायचा, माती तुडवायची, आठवडाभर भिजत ठेवायची, पुन्हा तुडवायची. दगडाचं जोतं कमरेइतकं, मोडलेल्या घरांची जुनी कौलं, गोदामातून टाकून दिलेल्या लाकडी पॅलेटची फडताळं. शेजारच्या बंगल्याचा मालक रोज गॅलरीत चहा घेत विचारायचा, "म्हशी बांधनार काय रं हितं?" बाबाच उत्तर द्यायचे, "व्हय. जागा उरली तर तुमालाबी बोलवू."

भिंत दीड हात चढली की थांबायचं. थर वाळेपर्यंत वर काही चढवायचं नाही. बाबा रोज उलटा हात ठेवणार आणि म्हणणार, "गार हाय. ऱ्हाऊ दे." मला ते चार शब्द ऐकून चीड यायची. मृगाला महिना राहिला होता. तोवर छप्पर चढलं नाही तर आणखी एक वर्ष त्याच खोलीत, त्याच खोकल्यात.

आणि मी शहाणपणा केलाच. बाबांची ड्युटी होती त्या रविवारी दोन मजूर लावले आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुसरा थर चढवला. हात लावून पाहिलं होतं, नाही असं नाही. पण उन्हात तापलेला, घामेजलेला तळहात. मला भिंत कोरडी वाटली. मंगळवारी तिला पोट सुटलं आणि दुपारी ती बसली. बायको जोत्यावर बसून खोकत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

संध्याकाळी बाबा आले. आता माझी कानउघाडणी होणार म्हणून मी मान खाली घालून उभा. त्यांनी ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारली, लेंगा गुडघ्यावर खोचला आणि सरळ आत उतरले.

"माती पळून गेली काय? हितंच हाय. पानी आन."

तीच माती पुन्हा भिजली, पुन्हा तुडवली गेली. दुसऱ्या दिवशी मला कळलं की बाबांनी रात्रपाळी मागून घेतली होती, दिवसा आमच्याकडे येता यावं म्हणून. महिनाभर त्या वयात ते झोपले कधी, हे मी विचारलं नाही. विचारायची मला लाज वाटत होती. कौलं चढली तेव्हा मृग दोन दिवसांवर आला होता.

दिवसाची मजुरी ते बिनदिक्कत घेत. जेवण मात्र कधीच नाही. आपली भाकरी चिंचेखाली बसून खायचे. बायको रोज आग्रह करायची आणि रोज हरायची. शेवटी ती रागावली तेव्हा म्हणाले, "माझा बाप भिंतीनं एक पावसाळा काढल्याबिगर त्या घरात जेवला न्हाय. भिंत पडली तर खाल्लेलं अन्न कुठल्या तोंडानं पचवू? चा दे. चा म्हंजे पानी."

त्या पावसाळ्यात वळचणीखाली उभं राहून मी रोज पश्चिमेच्या भिंतीला उलटा हात लावायचो. श्रावणात बायकोचा खोकला उतरला. एका सकाळी मला जाग आली ती शांततेमुळे. ती शेजारी गाढ झोपली होती. देवाआधी मला बाबांची आठवण झाली, हे इथे कबूल करतो.

त्याच पावसात त्यांचं गेटवरचं काम सुटलं आणि ते गावी गेले. पुढच्या उन्हाळ्यात वारले. मला निरोप उशिरा मिळाला, मातीला जाता आलं नाही. पण त्याआधी, भाताची झोडणी उरकल्यावर, ठरल्याप्रमाणे ते जेवायला आले होते.

रिक्षातून उतरले तेव्हा ओळखू येईनात, इतके वाळले होते. अंगात तोच निळा शर्ट. पानं मांडलेली होती, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. आधी तीन भिंतींना हात लावून आले. पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबले. उलटा हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

मग ते वळले. कधी नव्हे ते ओशाळले होते.

"बोटं बधिर झाल्यात माझी. कळंना काय." बायकोला म्हणाले, "पोरी, तू बघ. गार हाय का?"

तिने पदराला हात पुसला. त्यांच्यासारखाच उलटा करून भिंतीवर ठेवला. दुपारचं ऊन पलीकडून भिंतीवर आलं होतं.

"नाही बाबा. गरम आहे."

बाबा पाटावर बसले.

"मंग वाढ," म्हणाले.