लाकडी चर्च आणि सिमेंटचे काका

कुणाच्याही घरी गेलं की निमकरकाका आधी बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करायचे आणि मग बूट काढायचे. भिंत पास झाली तर "पक्कं आहे" म्हणून चहाला बसायचे. नापास झाली तरी बसायचेच, फक्त चहा पिताना तिच्याकडे संशयाने बघत राहायचे. ड्रेस्डेनमधला माझा पहिला फ्लॅट नापास झाला होता. "पुठ्ठा आहे हा," काका म्हणाले. "शेजारी शिंकला तर रुमाल तुला लागेल."

मला त्यांची ही तपासणी आवडायची. माझे वडील गवंडी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. सिमेंटला मान देणारा माणूस कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यांच्या या शहरात भेटला, म्हणून मी काकांना चिकटून राहिले.

काका स्वतः कोकणातल्या कुडाच्या घरात वाढलेले. दर पावसाळ्यात त्या घराचा एखादा कोपरा विरघळायचा आणि आई तो शेणामातीने पुन्हा उभा करायची. त्यामुळे मनोहर निमकर सिव्हिल इंजिनिअर झाले तेव्हाच जगाची वाटणी झाली होती: सिमेंट ते पक्कं, बाकी सगळं कच्चं. यात तडजोड नाही.

अशा माणसाने लग्न केलं ते हाइकेकाकूंशी, आणि काकूंच्या गावातलं चर्च निघालं लाकडाचं.

गाव ड्रेस्डेनपासून तासाभरावर. लग्न झाल्यावर सासूबाईंनी काकूंना शिकवलं होतं की नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही, "अहो" म्हणायचं. काकूंनी हा नियम जर्मन शिस्तीने पाळला. "आहो, कॉम!" म्हणजे "आहो, ये!" अशी हाक गावभर ऐकू जायची, आणि गावाने समजून घेतलं की या गृहस्थांचं नाव आहो. पोस्टमनपासून चर्चच्या पास्टरबाईंपर्यंत सगळे त्यांना "हेर आहो", म्हणजे आहोसाहेब, म्हणायचे. मी म्हटलं, "काका, दुरुस्त का नाही करत?"

"अख्खं गाव मला अहो-जाहो करतंय," काका म्हणाले, "मी कशाला अडवू?"

चर्च तीनशे वर्षांपूर्वीचं. गावाची दगड विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण जंगल होतं. पाइनचे ओंडके तासून, चौकोनी करून, आडवे एकावर एक रचलेले. कोपऱ्यांवर एका ओंडक्याची खाच दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली. भिंतीत एक खिळा नाही. सगळ्यात खाली ओकची जाड तुळई, तीही मोकळ्या दगडांवर नुसती टेकवलेली. वर लाकडी कौलं. आत तीन बाजूंना सज्जा, आणि छताला निळा रंग, त्यावर जरा जाडजूड देवदूत. घंटा मात्र बाहेर, वेगळ्या लाकडी चौकटीत, कारण तिचे हादरे भिंतींना सोसवले नसते. मला ते पहिल्यांदा बघून कुणीतरी विणलेलं घर वाटलं.

काकांनी मात्र त्यांच्या पहिल्या भेटीत टकटक केली आणि डोक्याला हात लावला. "देवाला कच्च्यात ठेवलाय यांनी!"

पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यानंतरची ती वर्षं. गावाकडे पैसे नव्हते, उत्साह होता, आणि परवानग्या कोण विचारतंय? काकांनी रजा काढली, मिक्सर आणला आणि चर्चच्या चारी बाजूंनी तळाशी हातभर उंचीचा सिमेंटचा पट्टा घातला. त्या ओकच्या तुळईला पाऊस लागू नये म्हणून. गावाने टाळ्या वाजवल्या, बिअर पाजली. पुढे वर्षानुवर्षं काका पाहुण्यांना आत जायच्या आधी तिथे थांबवायचे. "आत येशू आहे, तो कुठे पळून जात नाही. आधी हा पट्टा बघा. एक चीर दाखवा, एक!"

चीर खरंच नव्हती. तीच तर अडचण होती.

काकू गेल्या, चर्चच्या आवारातच त्यांचं दफन झालं, आणि काका दर रविवारी बसने तिथे जायला लागले. त्यानंतर वर्षभराने सुतार आतली, जमिनीलगतची एक फळी बदलायला आला आणि मागची तुळई त्याच्या हातात ओल्या केकसारखी कुसकरली. पूर्वी तुळई भिजायची आणि वाऱ्याने सुकायची. आता पाणी वरून पट्ट्याच्या मागे उतरायचं आणि तिथेच अडकायचं. पट्टा काढला नाही तर उत्तरेची भिंत बसणार होती.

जर्मन माणूस तोंडावर बोलतो म्हणतात. तुमचा केक कोरडा झालाय हे इथे यजमानीणबाईंना हसत सांगतात. पण हे सांगायला मात्र एकही माणूस तयार होईना. हेर आहो दुखावले तर पुन्हा गावात पाऊल ठेवणार नाहीत, मग हाइकेला भेटायला कोण येणार, ही सगळ्यांना धास्ती. शेवटी पास्टरबाईंनी मला फोन केला.

"आल्झो, तर मग, तुम्ही सांगा ना. तुमच्या भाषेत ते जरा मऊ वाटेल."

"बाई," मी म्हटलं, "आमच्या भाषेत जास्त लागेल."

पण सांगितलं मीच. मला आडवळणाने बोलता येत नाही. "काका, तुमच्या सिमेंटने तुळई कुजवली."

"लाकूडच कच्चं होतं."

"तीनशे वर्षं उभं होतं ते, काका. तुमचा पट्टा येईपर्यंत."

काका चहा तसाच ठेवून उठले. पुढच्या रविवारी ते बसला जातात की नाही, याची गावाइतकीच मलाही काळजी लागली. शनिवारी सकाळी त्यांचाच फोन. "गाडी काढ. काम करायचे कपडे घाल."

चर्चपाशी पोहोचल्यावर त्यांनी सुताराने उघडलेल्या जागेत बोट घातलं. बोट आत गेलं.  मग त्यांनी सुताराकडून काँक्रीट फोडायचा ब्रेकर मागून घेतला. "पहिला घाव माझा. कुणी मध्ये यायचं नाही."

पुढचं दृश्य बघायला तुम्ही हवे होतात. पंचाहत्तरीचे काका पट्टा फोडत होते आणि पट्टा फुटत नव्हता. घाम गाळत ते स्वतःला शिव्या घालत होते, "गाढवा, काय करून ठेवलंस!" आणि त्याच श्वासात मला सांगत होते, "बघ, बघ, माल कसला घातला होता!" अखेर सुताराने ब्रेकर हातात घेतला. मग आणखी चारजण आले. काकांनी सगळ्यांना कुठे मारायचं ते दाखवलं आणि पट्टा दाद देत नाही म्हणून दिवसभर खूश राहिले.

ओकचा नवा तुकडा जुन्या तुळईला खाच पाडून जोडला. भोवती सिमेंटऐवजी खडी पसरली. पास्टरबाईंनी माहितीचा फलक लिहायला घेतला आणि मजकूर काकांना वाचून दाखवला: पूर्वीच्या काळातील दुरुस्तीमुळे तुळईचे नुकसान झाले होते.

"पूर्वीचा काळ?" काका उसळले. "पूर्वीचा काळ म्हणजे मी! मी अजून पेन्शन घेतोय. नाव घाला. पूर्ण, आडनावासकट."

"नाइन, नको, हेर आहो, ते बरं दिसणार नाही."

"हाइके असती तर तिने ठळक अक्षरांत घालायला लावलं असतं. आणि उद्या दुसरा एखादा हुशार माणूस सिमेंटची गोणी घेऊन येईल. त्याला आधी कळू दे की नाव कसं लागतं."

नाव लागलं. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावं असतात. देवाच्या दारात नुकसानीबद्दल लागलेलं नाव मी तरी हे एकच पाहिलं. काकांनी फलकाचा फोटो निमकर कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला; त्यात त्यांनी मलाही घेतलं होतं. जर्मन कुणालाच येत नाही. धडाधड उत्तरं आली: मनूकाका, अभिनंदन! परदेशात नाव काढलंत! घराण्याला अभिमान आहे!

"काका, त्यांना खरं कळवलंत का?"

"कळवतो ना," काका फोनकडे बघत म्हणाले. "एवढं अभिनंदन होऊन जाऊ दे."

त्यानंतर मार्चमध्ये काका गेले. अस्थिकलश हाइकेकाकूंच्या शेजारी पुरला. गाव झाडून आलं होतं. त्या दिवशी ग्रुपवर मेसेज फिरत होता: परदेशात चर्च बांधणारा आपल्या घरातला पहिला माणूस हरपला.

तर निमकर मंडळी, मी स्पष्टच सांगते. काकांनी चर्च बांधलं नाही. त्यांनी ते बिघडवलं, आणि कळल्यावर फोडायला सगळ्यांच्या आधी स्वतः उभे राहिले. फलकावर तेच लिहिलंय. त्यांचं कळवायचं राहून गेलं, ते मी कळवलं.