पान्हा

गाठीचा रोग कल्याणात शिरला तेव्हा आम्ही घर बंद करून गावाबाहेर माळावर कुडाच्या झोपडीत राहायला गेलो. सासूबाई, मी, माझी जाऊ आणि आमची दोन तान्ही मुलं. पुरुष दिवसभर गावात असत. तिथे मला साध्या तापाने गाठलं आणि अंगावरचं दूध आटलं. माझा मुलगा जेमतेम दोन महिन्यांचा. बरोबर आणलेल्या गाईचं वासरू मेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवलं की ती ते चाटी आणि दूध सोडी. सासूबाई कौतुकाने म्हणत, मुकं जनावर, पण माया बघा. ते दूध मुलाला पचेना. तो वाळत चालला होता आणि मी देवीला हाका मारून थकले होते. खरं सांगायचं तर माझा विश्वास तेव्हा उडालाच होता.

जावेची मुलगी सहा महिन्यांची, आणि जावेला दूध भरपूर. मी तिच्यापुढे पदर पसरला. ती म्हणाली, तुमचा ताप कसला कोण जाणे, माझ्या लेकीला लागला तर? तिची भीती मला कळत होती, त्यामुळे राग कुठे काढावा तेच कळेना. पण माझा मुलगा रडायला लागला की तिची चोळी भिजे. ती घाईने पदर ओढून घेई आणि लांब जाऊन बसे. अंग द्यायला तयार होतं, ती नव्हती. ते बघून मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

अशात एका सकाळी खाडीकाठच्या मिठागरावरची एक आगरीण मीठ विकायला आली. मुलाचं रडणं ऐकून ती दारातच थांबली, पाटी उतरवली आणि छातीशी हात धरून उभी राहिली.

"बाय, माजा पोर गेला, पन दूद जाईत नाय," ती म्हणाली. "तुमचा पोर रडला नि आला. द्या त्याला."

सासूबाई आडव्या आल्या. मी त्यांना ओलांडून गेले आणि मूल तिच्या हातांत दिलं. तो असा लुचायला लागला की मला रडू आवरेना. मग सासूबाईंनी अट घातली, बाईने कुडाबाहेर बसावं आणि मुलाला दर वेळी अंघोळ घालूनच आत घ्यावं. गाईची माया त्यांना दिसत होती, हिची दिसेना. ती मात्र रोज येत राहिली.

साथ ओसरली. आम्ही निघताना तिने मुलाला एकदा घेऊ का, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "आता नको. घरी निघालोय." तिने पाटी उचलली आणि ती गेली.

घरी देवीची ओटी भरली. देवीने राखलं, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते, मनापासून म्हणते. माझ्या हाका वाया गेल्या नव्हत्या. तिने दया आम्हा सगळ्यांच्या अंगातच घालून ठेवली आहे. त्या दयेला आडवं न जाणं एवढीच शरणागती मला कळते. त्या आगरणीचं नाव मी विचारून घेतलं होतं. रोज देवापुढे ते घेते, पण मनातल्या मनात. मोठ्याने घेतलं तर देवघर धुवायला काढतील.