तात्या टोकेकरांची सोवळी यादी

नाव : श्री. विनायक रामचंद्र टोकेकर ऊर्फ तात्या. वय : एकसष्ट पूर्ण. वर्ण : निमगोरा. मंगळ : लागू नाही. राहणार : माधव नगर, उज्जैन. पद : मानद संगणक-सचिव, वधू-वर सूचक विभाग, मराठी स्नेहवर्धक मंडळ. नियुक्ती : सन १९९२, ठराव क्रमांक नऊ, एकमताने. कार्यकक्षा : माळव्यातील विवाहेच्छू मराठी युवक-युवतींची संगणकीय सूची तयार करणे, ती अद्ययावत ठेवणे व सर्व प्रकारच्या संसर्गापासून तिचे रक्षण करणे.

ठराव एकमताने झाला, कारण त्या बैठकीत संगणक प्रत्यक्ष पाहिलेले तेवढे एकच गृहस्थ होते. तारघराच्या नोकरीत त्यांना पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यातले चार दिवस वीज नव्हती.

तात्यांनी एका स्थळाची एक फाईल केली आणि फाइली गोत्रवार लावल्या. प्रत्येक फाइलीच्या तळाशी एक ओळ असे, तिचं नाव ‘खरी माहिती’. छापील फॉर्मवर मुलीचं जन्मसाल सत्तर लिहिणारी आई, पाणी पिऊन झालं की फाटकापाशी थांबून हळूच म्हणे, “तात्या, अडुसष्ट आहे हं.” कोणाचा साखरपुडा मोडलेला असे, कोणाच्या पाठीवर कोड, कोणाचा बँकेतला ऑफिसर मुलगा प्रत्यक्षात बँकेत शिपाई. हे सगळं तात्यांना ठाऊक असे, आणि संगणकाला. दोघंही कोणाला सांगत नसत. सहा वर्षांत चौदाशे बारा स्थळं जमली. मंडळाकडे याहून किमती असं काहीच नव्हतं.

पहिल्याच वर्षी इंदूर शाखेच्या फ्लॉपीतून विषाणू आला होता. एका दुपारी पडद्यावरची अक्षरं एकेक करून खाली गळून पडली आणि नव्वद स्थळं गेली. तेव्हापासून तात्यांनी संगणकाला सोवळं लावलं. बाहेरून आलेली फ्लॉपी चपलांच्या स्टँडशेजारच्या पाटावर थांबे. तात्या ती ‘ढाल’मधून धुऊन काढत, आणि मगच ती घरच्या फ्लॉप्यांच्या डब्यात जाई. न धुतलेलं काही डब्यात जायचं नाही आणि न धुतलेलं काही उघडायचं नाही, हा नियम. बायको वासंतीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “माणसाला पाणी विचारायचं विसरतील. फ्लॉपी कुठे टेकवली ते आधी विचारतील.”

‘ढाल’ म्हणजे नाशिकच्या जयंत ओगले नावाच्या गृहस्थांनी घरच्या माडीवर बसून बनवलेला विषाणूरोधक प्रोग्राम. ढाल तपासलेल्या प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर आपली एक छोटी खूण ठेवी. ती खूण हलली की ढाल ओरडे. नवी ढाल दर महिन्याला पोस्टाने येई, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी : “तात्यासाहेब, या खेपेला तीन नवे विषाणू. ग्वाल्हेरकडच्या फ्लॉप्यांवर नजर असू द्या.” दोघांची कधी भेट झाली नव्हती. तात्यांनी ओगल्यांच्या मेव्हणीचं लग्न मात्र जमवून दिलं होतं, देवासच्या मुलाशी.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत चिठ्ठीऐवजी गुळगुळीत कागदावर इंग्रजी पत्र आलं. ढाल आता अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या परिवारात आली असून ग्राहकांना हे कळवताना कंपनीला अत्यानंद होत आहे. तात्यांनी ते दोनदा वाचलं आणि पाटावर ठेवलं.

“मामा, कंपनी बिकली तर बिकली,” श्रुती म्हणाली. ही तात्यांची भाची, नानाखेड्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी. “तुम्ही खामखां परेशान होता. मोठी कंपनी आहे, माल बेहतरच देईल.”

“देईल. पण ओगले मला ओळखत होते.”

“प्रोग्रामला ओळख कशाला लागते?”

तात्यांनी पत्रावरचा नंबर फिरवला.

“सर, आपका कस्टमर नंबर?” पलीकडून एका मुलीने विचारलं.

“नंबर नहीं है. मैं उज्जैन से टोकेकर. जरा ओगले साहब को दीजिए.”

“सर, वो अब हमारे साथ नहीं हैं.”

तात्या खुर्चीत बसले. “कब गए?”

“मतलब सर, कंपनी में नहीं हैं.”

तात्या सरळमार्गी माणूस. मंडळाच्या मासिक पत्रकात त्यांनी कळवून टाकलं की सूचीच्या रक्षणाची व्यवस्था यापुढे परदेशी हातात राहील. पत्रक शनिवारी वाटलं गेलं आणि रविवारी सकाळी फाटकाबाहेर सात स्कूटर उभ्या होत्या.

“तात्या, आमच्या सुलूची ती खालची ओळ,” एक गृहस्थ दबक्या आवाजात म्हणाले, “ती अमेरिकेला दिसेल?”

“त्यांना तुमच्या सुलूचं काय करायचंय?” वासंतीबाई चहा ठेवत म्हणाल्या.

“वहिनी, सुलूचा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्यालाच आजवर सांगितलेलं नाही.”

दुसऱ्यांना नाव काढून हवं होतं. तिसऱ्यांना नाव हवं होतं, ओळ नको होती. तात्यांनी प्रत्येकाला तेच सांगितलं : आपल्या संगणकाला टेलिफोनची तार नाही, घरातलं बाहेर जाणार नाही. ते खरंच होतं. घरातून काही बाहेर गेलं नाही.

फेब्रुवारीत नवी फ्लॉपी आली. तात्यांनी ती पाटावर ठेवली आणि तीन आठवडे तिथेच राहू दिली. पण मंडळाचा वधू-वर मेळावा मार्चच्या पंधरा तारखेला होता. इंदूर, देवास, रतलाम, ग्वाल्हेर या शाखांच्या फ्लॉप्या येऊन पाटावर साचल्या होत्या आणि जुन्या ढालीला डिसेंबरनंतरचे विषाणू माहीत नव्हते. सात तारखेला आंघोळ करून तात्या संगणकापुढे बसले. श्रुती शेजारी होती.

नवा प्रोग्राम चढला. पडदा निळा झाला. त्यावर एक आकडा पळू लागला आणि चौदाशे बारावर थांबला. इतक्या फाइली बाधित आहेत, साफ करू का?

“मामा, रुका,” श्रुती म्हणाली. “सगळ्याच्या सगळ्या? असं होत नाही.”

“का होत नाही? तीन महिने बिनधुतलेल्या आहेत.” तात्यांनी बोट कळफलकावर नेलं. “आणि इतकी मोठी कंपनी खोटं कशाला सांगेल?”

हे वाक्य महिनाभर श्रुतीचं होतं. तात्यांनी होकाराची कळ दाबली.

मिनिटभर खरखर झाली. मग साफ असल्याचं जाहीर झालं. तात्यांनी काश्यप गोत्र उघडलं. रिकामं. भारद्वाज उघडलं. तेही रिकामं. त्यांनी एकेक करून सगळी गोत्रं उघडली. “विषाणूने आधीच सगळं खाल्लं होतं,” ते म्हणाले.

“बॅकअप आहे ना?” श्रुतीने विचारलं.

“सात फ्लॉप्या. डब्यात.” तात्या उठले. देवघराच्या कपाटातून त्यांनी डबा आणला, पहिली फ्लॉपी यंत्रात सरकवली. पुढे काय झालं ते श्रुतीला नंतरही नीट सांगता येत नसे, कारण ती दोन खोल्या पलीकडे नाशिकला फोन लावत होती.

ओगले घरीच होते. तिने झालेलं सांगितल्यावर त्यांनी फाइलींचा आकडा दोनदा विचारून घेतला.

“खूण,” ते म्हणाले. “माझी खूण. सगळ्या फाइलींच्या माथ्यावर एकच अनोळखी तुकडा दिसला तर त्यांच्या प्रोग्रामला ती लागण वाटणारच. मी लिहून दिलं होतं त्यांना. दुसऱ्या पानावर होतं.”

“तुम्ही परत आणू शकता?”

“ते नुसतं पुसत नाहीत, वर शून्यं लिहितात. आणि मला तीन वर्षं या कामाला हात लावायचा नाही, करार आहे. तरी बॅकअपवरून मी गुपचूप करून देईन. तात्यांना म्हणावं, फ्लॉप्या त्या प्रोग्रामला दाखवू नका.”

श्रुती फोन तसाच लोंबता ठेवून धावली. तात्या सातवी फ्लॉपी बाहेर काढत होते. बाकीच्या सहा त्यांच्या उजव्या हाताला नीट चळत करून ठेवल्या होत्या.

“मामा, काय केलंत?”

“उघडण्याआधी धुतल्या,” तात्या म्हणाले.

तिने फ्लॉप्या तपासल्या. तात्या तिच्याकडे बघत होते, मग तिच्या चेहऱ्याकडे बघायचं त्यांनी सोडलं. दाराशी वासंतीबाई उभ्या होत्या. त्यांना बोलायला पुष्कळ होतं. त्या आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या.

“कागदाचे फॉर्म असतील ना?” श्रुतीने शेवटी विचारलं.

“जाळले. दर वर्षी, नोंद झाली की. कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून.” तात्यांनी पाण्याचा पेला हातात धरून ठेवला, प्याले नाहीत. “लोकांनी मला सांगितलं होतं गं. पुन्हा कसं विचारायचं?”

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं. वही घेऊन ते बेचाळीस घरी गेले. कोणी रागावलं नाही. सगळ्यांनी चहा दिला, फॉर्मवरची माहिती दिली, फाटकापर्यंत सोडायला आले. फाटकापाशी कोणी काही बोललं नाही. सुलूचे वडील म्हणाले, “आता खालची ओळ राहू द्या तात्या. झालं ते एका परीनं बरंच झालं.”

बेचाळिसाव्या घरानंतर तात्यांनी वही मंडळाच्या कार्यालयात दिली आणि राजीनामा लिहिला. कार्यकारिणीने तो नामंजूर केला, कारण संगणक चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. वार्षिक अहवालात कार्यकारिणीने पुढील नोंद केली :

“वधू-वर विभाग : या वर्षी सूचीच्या रक्षणाचे काम जागतिक कीर्तीच्या कंपनीकडे सोपविण्यात आले. दि. ७ मार्च रोजी संपूर्ण तपासणी होऊन मंडळाचा संगणक व त्यावरील सूची शंभर टक्के विषाणुमुक्त असल्याचा निर्वाळा मिळाला. यास्तव मानद संगणक-सचिव श्री. वि. रा. टोकेकर यांचे हे मंडळ हार्दिक अभिनंदन करीत आहे.”

सूचीत एकही नाव नव्हतं.