तेवीस मुऱ्हाळी

पाहुणे आले की माणूस यजमान होतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या नणंदेच्या यजमानांच्या, म्हणजे भाऊंच्या, बाबतीत गोष्ट साफ उलटी होती. हा माणूस जन्मालाच यजमान म्हणून आला आणि मग त्याला पुरावेत म्हणून देवाला घाईघाईने पाहुणे घडवावे लागले. घाईत घडवल्यामुळे त्यातले काही जरा कच्चे राहिले होते, पण भाऊंना त्याचं काही नव्हतं. त्यांना पाहुणा नुसता पाहुणा असला की पुरे. तो कोणाचा कोण, किती दिवस राहणार, रात्री घोरतो का, असल्या चौकशा मी करायची आणि भाऊंनी मला "वहिनी, हळू बोला, ऐकू जाईल," म्हणायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

जळगावात आमची घरं एकाच भिंतीला लागून. नणंदेला सगळे अक्का म्हणतात. अक्का पोळ्या लाटायला बसल्या की मला भिंतीतून आवाज यायचा, आणि आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला की पाहुणे वाढले हे मी ओळखायची. पाच मिनिटांत भाऊ दारात उभे. "वहिनी, दोन गाद्या आणि तुमचा मोठा कुकर. आणि तुम्ही." मी शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिन्यात मला सुट्टी असते, आणि भाऊंच्या मते सुट्टीतली शिक्षिका म्हणजे रिकामं पडलेलं भांडं.

पाहुणा घरी येईपर्यंत वाट पाहणं या माणसाला जमत नसे. मुंबईकडून गाडीने कोणी येणार असलं, तर भाऊ सकाळच्या पॅसेंजरने पाचोऱ्याला जात, तिथे पाहुण्यांची गाडी पकडत आणि डब्यामागून डबे धुंडाळत त्यांना गाठत. धुळ्याहून माझे भाऊ-भावजय एसटीने येणार असले, तर हे पारोळ्याच्या स्टँडवर पाण्याचा तांब्या घेऊन हजर. म्हणजे आमच्याकडचा पाहुणचार घराच्या आधी चाळीस-पन्नास किलोमीटरवरच सुरू होई. एकदा माझी डोंबिवलीची मावसबहीण येणार होती. भाऊ पाचोऱ्याला चढले, डोंबिवलीची वाटेल अशी एक बाई त्यांना दिसली, आणि त्यांनी तिच्या सगळ्या कुटुंबाला शेव, पेरू आणि अक्कांच्या हातच्या सांजोऱ्या खाऊ घातल्या. ती मंडळी निघाली अकोल्याची. माझी बहीण पुढच्या डब्यातून उतरून, रिक्षा करून, घरी येऊन आंघोळ करून बसली, तरी भाऊंचा पत्ता नाही. ते अकोल्याच्या मंडळींचा निरोप घेता घेता भुसावळला पोचले होते. परत आल्यावर वर म्हणतात, "चांगली माणसं होती. दिवाळीला येतो म्हणालीत."

आणि ती आली दिवाळीला. चौघं.

पाहुणे जमले की सहल ठरलेली. भाऊ एका केळीच्या दलालाकडे कामाला होते, त्यामुळे ट्रक हे वाहन त्यांना आपल्याला सायकल वाटावी तसं वाटे. ज्या दिवशी माल भरायचा नसेल, त्या दिवशी रिकामा ट्रक दारात उभा राही. तळाशी केळीची सुकी पानं, त्यावर आमच्या सतरंज्या, त्यावर आम्ही. पाटणादेवी, उनपदेव, अजिंठा, सगळं आम्ही केळीच्या जागी बसून पाहिलं आहे. घरी आल्यावर आठवडाभर केसांतून पानाचा चुरा निघायचा. पुण्याच्या एका पाहुणीने भीतभीत विचारलं होतं, "बसायला काही आहे का हो यात?" भाऊ म्हणाले, "ताई, यात केळी बसून दिल्लीपर्यंत जातात, एकाला डाग पडत नाही."

परतताना माणसं मोजायचं काम भाऊ स्वतः करत आणि ती कधीही बरोबर भरत नसत. कमी भरली तर समजण्यासारखं आहे. आमच्याकडे जास्त भरत. पाटणादेवीला देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांना भाऊंनी इतक्या आग्रहाने जेवायला बसवलं, की ते आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढले. चाळीसगाव आल्यावर त्यांनी "मला इथं उतरवा, घरचे शोधत असतील," म्हटलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की ते आपल्यातले नाहीत. तोवर अक्का त्यांना भाऊंच्या बाजूचे समजत होत्या आणि भाऊ अक्कांच्या.

आता या सगळ्याच्या मुळाशी जे होतं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

आमच्याकडे वर्षाचा सण म्हणजे आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया. दिवाळीचा नंबर तिच्यानंतर. आखाजीला लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, खापराच्या पुरणपोळ्या आणि आमरस. पण लेक आपण होऊन येत नाही. माहेरचं कोणी तरी जाऊन तिला घेऊन यावं लागतं. त्या माणसाला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर लेकीने पिशवी भरून ओट्यावर बसावं, पण एकटीने एसटीत बसू नये, अशी रीत.

भाऊंना एकच बहीण, कमलताई, भडगावला दिलेली. आई लहानपणीच गेली, त्यामुळे तिच्या वेण्या भाऊंनीच घातलेल्या. आणि एका आखाजीला याच बहिणीकडे मुऱ्हाळी गेला नाही. त्या वर्षी घरात चौदा पाहुणे होते. भाऊ स्टेशनवर एकांना घ्यायला, चुलत भाऊ चोपड्याला दुसऱ्यांना. भडगावला तो गेला असेल असं यांना वाटलं आणि हे गेले असतील असं त्याला. सणाच्या दिवशी पंगत बसली, भाऊ रसाचं पातेलं घेऊन वाढत निघाले, तर एक पान मोकळं. "हे कोणाचं?" भाऊंनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "कमलताईंचं. उठवा की त्यांना, किती वेळ झोपायचं?" भाऊ पातेलं हातात धरून तसेच उभे राहिले. त्या वेळी कमलताई भडगावच्या ओट्यावर नवं लुगडं नेसून दोन दिवसांपासून बसलेल्या होत्या.

त्यानंतर त्या आखाजीला आल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. लग्नकार्याला येत, अक्षता टाकत, जेवत, संध्याकाळच्या गाडीने परत. पण आखाजीला नाही. पाहुण्यांना अर्ध्या वाटेवर गाठायची खोड भाऊंना त्या वर्षापासून लागली. आणि दर वर्षी सणाच्या आठ दिवस आधी ते एकटे भडगावला जात, अख्खा दिवस राहत, आणि एकटेच परत येत. हातात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा आणि तोंडात कारण. पहिल्या वर्षी तिच्या सासूचा गुडघा. दुसऱ्या वर्षी म्हैस व्याली. तिसऱ्या वर्षी पुन्हा म्हैस व्याली. सहाव्या वर्षी मी म्हटलं, "भाऊ, ती म्हैस पंचांग बघून वितेय का?" ते हसले नाहीत. तेव्हा मी तो विषय सोडला.

सातव्या वर्षी ते भडगावला गेलेच नाहीत. मला वाटलं, थकले. सणाला दोन दिवस होते, घर भरलेलं होतं, ट्रक दारात होता. सहल पद्मालयाची. आम्ही पहाटे निघालो, गणपतीचं दर्शन झालं, तळ्यातली कमळं पाहून झाली, दहाच्या सुमारास परत एरंडोलला आलो. तिथून जळगावचा रस्ता धरायचा. ट्रक कासोद्याच्या रस्त्याला लागला. मी केबिनच्या मागच्या जाळीतून ओरडले, "भाऊ, हा कुठला रस्ता?"

"भडगावचा."

"कळवलंय का त्यांना?"

"नाही. वहिनी, एका मुऱ्हाळ्याला ती सहा वर्षं नाही म्हणतेय. तेवीस मुऱ्हाळ्यांना कशी म्हणेल?"

मी मागे वळून पाहिलं. तेवीस मुऱ्हाळी सतरंजीवर भेंड्या लावत बसले होते. त्यातल्या निम्म्यांना मुऱ्हाळी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की वैशाखात भर दुपारी बारा वाजता, न कळवता, तेवीस माणसं एका बाईच्या स्वयंपाकघरावर जाऊन पडणार आहेत. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. बाकी ट्रकमध्ये नुसता जल्लोष. पाहुण्यांना एका तिकिटात दुसरी सहल मिळाली होती.

कमलताई दारातल्या खाटेवर बिबड्या वाळत घालत होत्या. केळीचा ट्रक समोर थांबला, त्यातून एकामागून एक माणसं उतरू लागली, सगळ्यांच्या डोक्यात पानाचा चुरा. त्या हातातली बिबडी तशीच धरून बघत राहिल्या. मग शांतपणे अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, ही कुनी वरात शे?"

"तुनीच. चाल, बैस गाडीमा."

"पहिले जेवन करी ल्या बठ्ठा," त्या सगळ्यांना म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग गेले, कारण बाहेर उभं राहून कौतुक बघणं माझ्या स्वभावात नाही. मोठं पातेलं उतरवलं, खिचडीचं ठरलं, त्या तांदूळ निवडायला बसल्या, मी कांदे घेतले. बाहेरून भाऊंचा आवाज येत होता. पाहुण्यांना ते गिरणा नदीची माहिती देत होते, जशी काही त्यांनीच ती आणून सोडली होती. मी सरळ विचारलं, "ताई, सहा वर्षं झाली. अजून राग आहे?"

"राग पहिला साल व्हता," त्या म्हणाल्या. सुपातला एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "मंग भाऊ माले लेवाले उना. एकलाच. दिवसभर मनासंगे बसना, माय ना गोष्टी काढ्यात, मना हातनी भाकर खादी. तठे मी जास, तवय बठ्ठा पाव्हनास्मा मी एक. आठे तो येस, तवय तो फक्त मना भाऊ ऱ्हास." मग जरा हसून म्हणाल्या, "हो म्हनी दिसू, तं पुढला साल तो कसाले यी?"

मी कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांचं काही सांगता येत नाही. पण हिशेब मला लख्ख कळला. ही बाई सहा वर्षं रुसून बसली नव्हती. वर्षातून एक दिवस भाऊ अख्खाच्या अख्खा आपल्या वाट्याला यावा, म्हणून ती आखाजी सोडत होती. आणि या शहाण्याने त्या एका दिवसावरही तेवीस पाहुणे आणून बसवले होते.

जेवणं झाली. भाऊंनी त्यांच्याच बहिणीच्या घरात सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. चारच्या सुमारास माणसं ट्रकमध्ये चढू लागली. कमलताई दारात उभ्या. पिशवी भरलेली नाही, लुगडं बदललेलं नाही. भाऊंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते ट्रकच्या फळीवर पाय ठेवू लागले, तेव्हा मी वरून म्हटलं, "भाऊ, तुम्ही उतरा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही राहा इथं. आखाजी करा आणि मग या."

"अहो, घरात एवढे पाहुणे. पुरण कोण बघेल?"

"मी बघेन."

"परवा सकाळी पाचोऱ्याला दोघं येणारेत..."

"ती सरळ जळगावला उतरतील. स्टेशन मोठं आहे, दिसतं."

"आणि माणसं कोण मोजणार?"

"तुम्ही नसलात की ती बरोबर भरतात."

ते अक्कांकडे बघू लागले. अक्का काही कमी नाहीत. त्या म्हणाल्या, "धोतर मेव्हण्यांचं नेसा." मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तिथेच रडत बसले असते आणि आम्हाला उजेड असता घर गाठायचं होतं. कमलताई पायऱ्या उतरून आल्या, भाऊंच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत निघून गेल्या. मी ड्रायव्हरला चल म्हटलं.

त्या वर्षीची आखाजी आमच्याकडे अगदी शिस्तीत झाली. पाहुणे ज्या गाडीने येणार होते त्याच गाडीने आले. पंगती वेळेवर बसल्या, रस पुरला, पोळ्या उरल्या, जायचे ते ठरलेल्या दिवशी गेले, आणि कोणाची एसटी चुकली नाही. मी आयुष्यभर जशी व्यवस्था मागत होते तशी ती होती. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पाहुणे पेपर वाचत बसले होते. पेपर वाचत. आमच्याकडे. माझ्या धाकट्या भावाने दोनदा विचारलं, "ताई, आज कुठं जायचं नाही का?" मी म्हटलं, "कुठं जायचं?" मलाच सुचेना.

चार दिवसांनी भाऊ परत आले. रंग रापलेला, अंगात मेव्हण्यांचा ढगळ सदरा. नेहमीप्रमाणे आल्या आल्या गाद्या किती, कुकर कुठे, असलं काही विचारलं नाही. मी चहा दिला आणि विचारलं, "काय केलंत चार दिवस?"

"काही नाही," ते म्हणाले. "ती बिबड्या घालायची, मी खाटेपाशी बसून कावळे हाकलायचो."

"आणि?"

"आणि काही नाही." कपातला चहा संपला तरी ते कप हातात धरून होते. "वहिनी, ती आता चाळिशी लावते. मला माहीतच नव्हतं."

कमलताई अजूनही आखाजीला येत नाहीत. भाऊ जातात, दोन दिवस आधी, एकटे, एसटीने. घर इकडे भरलेलंच असतं. यजमान नसले तरी पाहुण्यांना काही फरक पडत नाही, त्यांना आता ते आमचंच घर वाटतं. ट्रक दारात उभा राहत नाही एवढंच. कोणी नवा पाहुणा असला तर तो इकडेतिकडे बघत विचारतो, भाऊ कुठे दिसत नाहीत? मी खापरावरची पोळी उतरवता उतरवता सांगते, माहेरी गेलेत.