रंगीत नानकटाईच्या इंदूताई

इंदूताईंनी माझं नाव, गाव, पगार यांपैकी काहीच विचारलं नाही. नारायण पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हात पुढे करा." मी केले. डॉक्टरने नाडी बघावी तसे त्यांनी माझे दोन्ही तळवे धरून ठेवले आणि थोड्या वेळाने निकाल दिला, "गार आहेत. खोली मिळेल."

भर एप्रिलात स्वारगेटपासून बॅग ओढत आलेल्या मुलीचे हात गार पडले होते ते भीतीने. हडपसरला नव्याने उभ्या राहिलेल्या एका आयटी कंपनीत नोकरी लागली म्हणून मी अकोल्याहून पहिल्यांदाच एकटी आले होते, आणि पुण्याच्या घरमालकिणींबद्दल पुरेसं ऐकून होते. खरं कारण अर्थातच मी सांगितलं नाही. माझ्याआधी चार मुली गरम हातांपायी जिना उतरून गेल्या होत्या, हे नंतर कळलं. तळव्याला ऊब असली की तूप पाघळतं आणि नानकटाई बसकण मारते. पेइंग गेस्ट ठेवायचीच तर कामाला येईल अशी ठेवावी, एवढाच त्यांचा साधा विचार होता.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या इमारतीच्या गच्चीवर मुलांचा सुट्टीचा सोहळा व्हायचा. नाच, नकला, पॉटमधलं आइस्क्रीम आणि इंदूताईंची सात रंगांची नानकटाई. सोहळा मेमध्ये, पण नानकटाई एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच भाजून डब्यांत बंद झालेली असायची. ताज्या नानकटाईला त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "भट्टीतून आली की नुसती गोड असते, नव्या नवरीसारखी," त्या म्हणायच्या. "पंधरा दिवस डब्यात सगळ्यांबरोबर राहू दे. मग कळते खरी चव." स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. विषय निघालाच तर "लांबून जेवढी चव कळली तेवढी पुरली" असं म्हणून मोकळ्या व्हायच्या.

पहिल्याच वर्षी त्यांनी मला सकाळी सात वाजता परातीपुढे बसवलं. परातीत घट्ट तूप. ते तळव्याने गोल गोल फेसायचं, पांढरंशुभ्र होईपर्यंत. अर्ध्या तासाने मी आशेने मान वर केली की त्या वाटीभर पाण्यात तुपाचा थेंब टाकायच्या. थेंब तरंगला तर तूप झालं. "बुडला," त्या म्हणायच्या. "फेस." असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी थेंब तरंगला तेव्हा माझा दंड माझा राहिला नव्हता आणि इंदूताईंनी माझं कौतुक केलं ते असं, "हं. अकोल्याकडे चांगलं खायला घालतात."

मग पिठीसाखर, मैदा, थोडा रवा, वेलदोडा घालून पीठ मळायचं आणि त्याचे सात भाग करायचे. प्रत्येकात रंगाच्या इवल्या बाटलीतले थेंब. पण पिवळा, हिरवा, लाल असं त्या घरात बोलायची सोय नव्हती. राणी, अबोली, पोपटी, मोरपंखी, चिंतामणी, श्रीखंडी आणि डाळिंबी ही नावं घ्यायची. कारण इंदूताईंनी एकतीस वर्षं लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस विकले होते आणि रंगांच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाला ऐकत नव्हत्या.

बायका साडी घरी ठेवून यायच्या आणि "जांभळट अशी आहे हो" म्हणायच्या. इंदूताई विचारायच्या, "जांभळट म्हणजे? जांभूळ खाण्याआधीचं की खाल्ल्यानंतर जिभेवरचं?" उत्तर ऐकून क्षणभर छताकडे बघायच्या, मग शंभर तागे सोडून नेमका एक ओढायच्या. घरी जाऊन बघावं तर साडीचाच तुकडा वाटावा. एखादीने "बाहेर उजेडात नेऊन बघू का?" असं विचारलंच तर म्हणायच्या, "न्या की. उजेडाचीही खात्री होऊन जाईल." निवृत्त झाल्यावरही लग्नसराईत अवघड गिऱ्हाईक आलं की दुकानातून बोलावणं यायचं. त्या दिवशी इंदूताई इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत मारून असा जिना उतरायच्या की जणू मुख्यमंत्र्यांनीच सल्ल्याला बोलावलंय.

माझी नोकरी मात्र त्यांना कधीच पटली नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून त्यांना सांगायच्या, हे माझं काम. ते ऐकून त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार देतात? अगं अकोला, पुण्यात हे काम लोक फुकट करतात." तेव्हापासून माझं नाव अकोलाच पडलं.

ट्रे भरले की रिक्षा करून आम्ही गल्ल्यांमधून भट्टीवर जायचो. एप्रिल-मेमध्ये तिथे आपापलं सामान घेऊन आलेल्या बायकांची रांगच असायची. भट्टीवाले चाचा इंदूताईंना जरा वचकून असत, कारण पहिल्याच वर्षी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "रंग करपला तर भांडणार नाही मी. इथेच बसून राहीन." चाचांना ही धमकी फारच मोठी वाटली असावी. आमचे ट्रे ते स्वतः आत सारायचे आणि स्वतः बाहेर काढायचे.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी थंडीत डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या. इंदूताई तरातरा घरी आल्या. "करणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "एकतीस वर्षं मी सांगितलेला रंग बरोबर होता. उद्या हा माणूस भिंग बसवणार आणि सगळं वेगळंच दिसायला लागलं तर? इतक्या बायकांना काय घरी बोलावून ब्लाउज बदलून देऊ?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना भीती वाटते आहे, हे मला तेव्हाच ओळखता आलं असतं.

त्या एप्रिलमध्ये मी तूप फेसलं, पीठ सात ठिकाणी ठेवलं आणि बघत राहिले. दरवर्षी दोन-तीन थेंब घालणाऱ्या इंदूताईंनी अर्धी बाटली ओतली. पीठ डोळ्यांजवळ नेलं, मान हलवली आणि उरलेली अर्धीही ओतली. "बघ, आत्ता कुठे अबोली उमलली," त्या खुशीत म्हणाल्या. अबोली कुठली, वीट होती ती! चिंतामणीची शाई झाली होती आणि मोरपंखीकडे बघवत नव्हतं. "कसे झालेत रंग?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "छान." भट्टीवर चाचांनी ट्रे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मी इंदूताईंच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं. चाचांनी मुकाट्याने ट्रे आत सारले.

मेच्या दुसऱ्या रविवारी गच्चीवर डबे उघडले आणि काय वर्णावं! पहिल्या पाच मिनिटांत पोरांच्या जिभा निळ्या, ओठ हिरवे आणि पांढऱ्या झब्ब्यांवर डाळिंबी बोटं. एकमेकांना जिभा दाखवून पोरं गडाबडा लोळत होती आणि आया पदर ओले करून मागे धावत होत्या. मलाही हसू आवरेना. तेवढ्यात तळमजल्यावरची सहा वर्षांची सई अर्धी नानकटाई हातात घेऊन इंदूताईंसमोर उभी राहिली. "आजी, यात पेनातली शाई घातलीय?"

 इंदूताईंनी सईच्या हातातला तुकडा घेतला, उन्हाकडे धरून वळवून वळवून बघितला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "अकोला, रंग कसा आहे?" या वेळी आवाजात ऐट नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी, महिन्याला पगार घेऊन चुका सांगणारी मी, सगळ्यांदेखत म्हणाले, "छान आहे इंदूताई, नेहमीसारखाच. ती लहान आहे, तिला काय कळतं." त्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलंच," म्हणाल्या आणि तो तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

चार दिवसांनी दुकानातून बोलावणं आलं. एरवी कदाचित त्या गेल्या नसत्या, कारण डोळ्यांविषयी शंका त्यांनाही होतीच. पण मी गच्चीवर ग्वाही दिली होती, म्हणून गेल्या. एका नवरीच्या जांभळ्या शालूवर त्यांनी ब्लाउजपीस काढून दिला. तो तपकिरी निघाला. आठवड्याने नवरीची आई शिवलेला ब्लाउज घेऊन दुकानात आली तेव्हा इंदूताई दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी तिथेच आल्या होत्या. मालकांनी आवाज चढवला नाही. उलट खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "इंदूताई, खूप केलंत आमच्यासाठी. आता आराम करा." त्या घरी आल्या, साडीची घडी घातली आणि ती कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "सुट्टी काढ. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय."

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्या आल्या त्यांनी सोहळ्यातला उरलेला डबा मागितला. त्या वर्षी नानकटाई भरपूर उरली होती. मी चाचरत "राहू द्या ना आत्ता" म्हणाले, तर स्वतःच उठून त्यांनी फळीवरून डबा काढला. झाकण उघडून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग एकेक रंग बाहेर काढून टेबलावर ओळीने मांडला.

"हे तुला दिसत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं जी."

"वाटलं असतं ना. दोन दिवस वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "मी चार शिव्या दिल्या असत्या, पीठ पुन्हा मळलं असतं आणि त्या पोरीच्या लग्नाला धड ब्लाउज मिळाला असता. कंपनीत चुका सांगतेस आणि घरात छान म्हणतेस? मी काय कोणी परकी आहे?"

मी रडायला लागले. इंदूताईंनी मला रडू दिलं. मग त्या निळ्याकुट्ट चिंतामणीचा तुकडा माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "खा आता. मी गच्चीवर खाल्ला, तू वाचलीस." मी खाल्ला. आरशात जीभ बघितली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला वाटतं, त्या दिवशी आमच्यातलं मालकीण-पेइंग गेस्ट हे नातं संपलं.

दुकानातून त्यांना पुन्हा कधीच बोलावणं आलं नाही. नव्या भिंगांनी त्यांना पहिल्यापेक्षाही लख्ख दिसायचं, पण हे मालकांना कळवायला त्या गेल्या नाहीत आणि मलाही जाऊ दिलं नाही. त्याची बोच मला अजून आहे. पुढच्या एप्रिलमध्ये पोपटीचा गोळा पुढे करून त्यांनी विचारलं, "कसाय?" मी जीव मुठीत धरून म्हणाले, "जरा जास्त झालाय." त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाल्या, "मुळीच नाही. डोळे तपासून घे." नंतर मी लग्न होऊन हडपसरला राहायला गेले तरी दर एप्रिलला तूप फेसायला यायचे, आणि आमचं दरवर्षी एका तरी रंगावरून वाजायचं.

त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले होते. काविळीने त्या पार खंगल्या होत्या. शेजारीपाजारी येऊन जात होते आणि जो तो "छान दिसताय, चेहऱ्यावर तजेला आलाय" असं सांगून जात होता. सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"अकोला, कशी दिसतेय मी?"

ओठांवर आलेलं "छान" मी गिळलं. "पिवळ्या पडलात, इंदूताई."

"कोणता पिवळा?"

मी खिडकीचा पडदा सरकवला आणि उजेडात त्यांच्याकडे नीट बघितलं. बघणं सोपं नव्हतं. "श्रीखंडी," मी म्हणाले. "पण जास्त झालाय. खूपच जास्त."

"हं," इंदूताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. "मलाही तोच वाटला. सकाळपासून सात जण येऊन गेले, सगळे गुलाबी सांगत होते."