भोकांची कार्डं

आमच्या शेजारचे अण्णा कारखान्यात कॉम्प्युटरवर होते. तिथली माहिती भरायला भोकं पाडलेली, वाया गेलेली कार्डं पिशवीभर घरी आणायचे, मागच्या कोऱ्या बाजूला गणितं लिहायचे आणि संध्याकाळी पोरांना ओट्यावर बसवायचे. कार्ड नाकासमोर नाचवत म्हणायचे, "हं, बोल! बोटं नकोत, स्वल्प डोकं चालव!" 'जरा'ला 'स्वल्प' म्हणणाऱ्या अण्णांची ही नक्कल करून मी अख्खं वठार, आवारातली सगळी बिऱ्हाडं, हसवायचो.

त्यांची मुलगी कमळी गणितात नापास झाली होती. पुन्हा झाली तर शाळा बंद, असं आजोबांनी ठणकावलं होतं. ओट्यावर मात्र ती धडाधड उत्तरं द्यायची. एकदा मी गंमत म्हणून कार्डावरचं गणित अंगठ्यानं झाकलं. तरी म्हणाली, "छप्पन्न!" पोरीनं कुठल्या भोकांच्या कार्डाला कुठलं उत्तर, हेच पाठ केलं होतं.

मी हसत सुटलो. अण्णा हसले नाहीत. सगळी कार्डं त्यांनी बंबात घातली आणि मला म्हणाले, "माझा आवाज काढतोस ना? मग मी कामावर असताना भिंतीपलीकडून तूच विचार. आवाजाला भोकं नसतात."

दुसऱ्या दिवशी मी ओरडलो, "हं, बोल! सात आठे?"

पलीकडून कमळीचा आवाज आला, "थांबा की अण्णा, स्वल्प डोकं चालवतेय."